टाच मोकळी की बांधलेली, हे आधी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी सहलींवर जो लेख आला, त्यातल्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. बर्फावर चालणं, चढणं आणि उतारावरून घसरत येणं हे सगळं जमवणारी ‘ऑल-राउंडर’ स्की एकदा विकत घेतली की दर वर्षीचं भाडं वाचतं, असा त्या वाक्याचा अर्थ होता. लेख मनापासून लिहिलेला आहे, आणि सोलापूरच्या वर्तमानपत्रात स्कीइंगवर अर्धं पान आलं याचा मला आनंदच झाला. पण ते वाक्य वाचून माझा भाचा बुधवारी संध्याकाळी मोबाइल घेऊन घरी आला. “मावशी, हे मागवू का?” पडद्यावर पायाखाली १०२ मिलिमीटर रुंदीची स्की होती. तिच्यावर टाच कायम बांधून ठेवणारं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा खटका, होतं. आणि त्याच खरेदीत, वेगळ्या कंपनीचे, क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे बर्फावर चालत जायच्या स्कीचे, मऊ बूट होते. तिन्ही वस्तूंच्या वर्णनात ‘ऑल-राउंडर’ हा शब्द होता. ते बूट त्या बाइंडिंगमध्ये बसतच नाहीत. एक लाख तीस हजार रुपयांची ती खरेदी होती, आणि ती अंगावर चढवून त्याला बर्फावर एक पाऊलही टाकता आलं नसतं.

मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात, तपासणी विभागात काम करते. वय ४७. बर्फ पहिल्यांदा पाहिला तो २०१२ च्या फेब्रुवारीत, औलीला, सात दिवसांच्या वर्गात. त्याआधी डोंगर म्हणजे सुट्टीत गाठायचे सह्याद्रीतले किल्ले. त्यानंतर औली, मनालीजवळचं सोलंग आणि गुलमर्ग मिळून नऊ हिवाळे झाले. मी प्रशिक्षक नाही, स्पर्धकही नाही. पण कापड तपासणाऱ्या माणसाला कुठलीही वस्तू उलटीपालटी करून तिची वीण पाहायची सवय असते, आणि स्कीच्या बाबतीत ती मला फार उपयोगी पडली.

सोलापूरच्या माणसाला बर्फाशी काय करायचंय, असं मला अजून विचारलं जातं. कर्नाटकातल्या कोडगूलाही बर्फ पडत नाही. तिथली भवानी थेक्कडा नंजुंडा क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये देशाकडून उतरते. आमच्या ट्रेकच्या मंडळातली अकरा मुलं-मुली येत्या फेब्रुवारीत जाणार आहेत. त्यांतल्या कित्येकांचे आईवडील यंत्रमागावर किंवा विडीच्या कामावर आहेत. त्यांचे पैसे चुकीच्या वस्तूत अडकू नयेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्की पाहण्याआधी टाच पाहा. माणूस चालतो तेव्हा पायाचा पुढचा भाग टेकलेला राहतो आणि टाच उचलली जाते. क्रॉस-कंट्री स्कीचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे. बूट फक्त चवड्याशी अडकवलेला, टाच मोकळी, बूट हलका आणि घोट्यात वाकणारा. उतारावर वेगात वळायचं तर नेमकं उलट हवं असतं. नडगीने बुटाच्या जिभेवर दाब द्यायचा, तो दाब स्कीच्या पोलादी कडेपर्यंत पोचायला हवा, म्हणून बूट ताठ आणि टाच बांधलेली. पहिल्या प्रकारात उतारावर पाय डगमगतो, दुसऱ्या प्रकारात सपाटीवर चालताच येत नाही. मधला मार्ग म्हणजे चढताना टाच सोडायची आणि उतरताना बांधायची. याला टूरिंग म्हणतात. म्हणजे ‘दोन्ही’ जमवण्याचं खरं काम बाइंडिंग आणि बूट करतात. स्की त्यानंतर येते. दुकानात मात्र स्की सगळ्यात रंगीत असते, भिंतीवर उभी असते, आणि माणूस तीच आधी हातात घेतो.

मोकळ्या टाचेवरसुद्धा वळता येतं, हे मला ठाऊक आहे. नॉर्वेतल्या टेलेमार्क प्रांतात, मोर्गेडाल गावी, १८२५ साली सोंद्रे नोरहाइम नावाचा माणूस जन्मला. त्याने विलोच्या फांद्या पिळून टाचेभोवती घेतल्या, स्की मध्ये कंबरेसारखी अरुंद केली, आणि त्याच एका जोडीवर तो चालायचा, उड्या मारायचा, वळायचा. १८६८ मध्ये तो क्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ओस्लोला, जाऊन स्पर्धा जिंकून आला. एकाच स्कीवर सगळं करणारा माणूस म्हणून मला त्याच्याबद्दल फार आदर आहे. गुडघा खाली नेत मोकळ्या टाचेवर घेतलेल्या त्या वळणाला आजही टेलेमार्कच म्हणतात. पण तो बर्फात वाढला होता. आपल्याला वर्षातून दहा दिवस मिळतात, त्यांतले दोन हवामानात जातात. टेलेमार्कचं वळण शिकायला जेवढे हिवाळे लागतात तेवढे आपल्या मुलांकडे नाहीत.

आता स्कीच्या बाकाबद्दल, म्हणजे तिच्या कमानीबद्दल. लेखात याचा उल्लेखच नव्हता, आणि एकच स्की दोन्हीकडे का अडखळते याचं कारण इथेच आहे. स्की फरशीवर ठेवा. दोन्ही टोकांजवळ ती टेकते आणि मधला भाग उचललेला राहतो. क्रॉस-कंट्रीच्या स्कीला हा बाक दुहेरी असतो, म्हणजे मधला भाग जास्तीचा ताठ असतो. दोन्ही पायांवर सारखं वजन असेल तर तो भाग बर्फाला टेकत नाही आणि स्की घसरत पुढे जाते. एका पायावर सगळं वजन देऊन मागे रेटा दिला की तो दबतो, तिथलं मेण किंवा तिथे कोरलेले माशाच्या खवल्यांसारखे खाचे बर्फ पकडतात, आणि आपण पुढे ढकलले जातो. एक पाऊल पकड, एक पाऊल घसरण. आमच्या घरातल्या शहाबादी फरशीवर मी मुलांना हे कागदाची पट्टी सरकवून दाखवते. दोन्ही स्कींवर उभं राहिलं की पट्टी मोकळी सरकते, एका पायावर आलं की अडकते.

पण हीच ताठ स्की उतारावर कडेवर कलती केली तर उलट्या कमानीत वाकत नाही. वळण तर त्या उलट्या कमानीतूनच जन्मतं. स्कीची टोकं रुंद आणि कंबर अरुंद असल्यामुळे कलती केलेली स्की वाकते आणि स्वतःच वर्तुळावर चालायला लागते. म्हणून उताराची स्की एकेरी बाकाची, मध्ये सहज दबणारी असते. चालायला हवा तो ताठपणा वळायला नको, आणि वळायला हवी ती लवचीकता चालताना पकड आणि घसरण यांची सरमिसळ करून टाकते. कितीही पैसे मोजले तरी एका लाकडाच्या गाभ्यात या दोन्ही गोष्टी पूर्ण मिळत नाहीत. कमी-जास्त करून मिळतात, आणि किती कमी, किती जास्त हे आपण ठरवायचं असतं.

या अडचणीतून सुटायची वाट एका कापडाने काढली आहे, आणि त्याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे. स्कीच्या तळाला चिकटवायच्या लांब पट्ट्या असतात, त्यांना ‘स्किन’ म्हणतात. पूर्वी त्या खरंच सीलच्या कातड्याच्या असत, म्हणून ते नाव. आता त्या मोहेअरच्या, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांच्या, किंवा नायलॉनच्या, किंवा दोन्हींच्या मिश्रणाच्या असतात. २०१४ मध्ये एका प्रशिक्षकाने पहिल्यांदा ती पट्टी माझ्या हातात दिली, तेव्हा मी सवयीने तिच्यावरून बोट फिरवलं. एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने खरखरीत. ही पाइलची, म्हणजे उभ्या लवेची, वीण होती! आमच्या टॉवेलला जमिनीचा ताणा वेगळ्या बीमवर आणि पाइलचा वेगळ्या बीमवर असतो, आणि पाइलचा ताण सैल ठेवून फास उभे केले जातात. स्किनमध्ये फास नसतात, कापलेली लव असते, आणि ती सगळी मागच्या बाजूला झोपवलेली असते. पुढे सरकवली की लव पडते आणि स्की घसरते. मागे सरकायला लागली की लव उभी राहते आणि बर्फात रुतते. ते कापड हातात घेऊन मी तिथेच बसले होते. कारखान्यात आम्ही ज्या लवेची दिशा चुकली म्हणून माल बाजूला काढतो, तीच इथे माणसाला डोंगरावर चढवत होती.

मोहेअर जास्त घसरतं, पुढे न्यायला हलकं वाटतं. नायलॉन जास्त पकडतं आणि जास्त टिकतं. वर्षातून दहा दिवस जाणाऱ्याने मिश्रण घ्यावं. आणि पट्टी स्कीच्या कडा उघड्या राहतील इतकीच कापावी, नाहीतर आडव्या चढावर कड बर्फाला लागत नाही आणि पाय खाली सरकतो.

स्किनमुळे पकडीचं काम स्कीकडून निघून कापडाकडे गेलं. म्हणून टूरिंगची स्की उताराच्या स्कीसारखी एकेरी बाकाची ठेवता येते, फक्त हलकी करायची. वर पोचलं की पट्टी सोलून पिशवीत टाकायची, टाच बांधायची आणि उतरायचं. तोटा एवढाच की जिथे जमीन सारखी वरखाली होते, पाच मिनिटं चढ, पाच मिनिटं उतार, तिथे दर वेळी थांबून लावा-काढा करणं जीव नकोसा करतं, आणि सपाटीवर स्किन म्हणावी तशी घसरत नाही. अशा मुलखासाठी पायाखाली ६० ते ७० मिलिमीटरची, पोलादी कडेची, खवल्यांच्या तळाची स्की असते. तिला बहुधा चवड्याखालच्या दांडीचं किंवा तीन खिळ्यांचं बाइंडिंग असतं. तीन खिळ्यांचं बाइंडिंग नॉर्वेत १९२७ पासून चालत आलं आहे आणि अजून विकलं जातं. माझ्या एका मैत्रिणीकडे अशी जोडी आहे. कुरणावर ती माझ्या कितीतरी पुढे असते. उतरताना मात्र मी खाली पोचून थर्मास उघडते तेव्हा ती अजून वर, लांब तिरक्या रेषा काढत येत असते. दोघी खूश असतो, कारण दोघींनी काय घेतलंय हे दोघींना माहीत आहे. या दोन घराण्यांच्या मध्येही काही स्की आहेत. अमेरिकेतली व्हॉइले कंपनी पायाखाली ८४ मिलिमीटरच्या टूरिंग स्कीला खवल्यांचा तळ देते. ज्याला खरोखर एकच जोडी, तीही भटकंतीला ठेवायची आहे, त्याने असा पर्याय बघावा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, सोलापूरहून हिमालयात जाणाऱ्याने एकच जोडी घ्यायची असेल तर ती उताराच्या बाजूला झुकलेली घ्यावी. हिमालयात नॉर्वेसारखी मैलोगणती सपाटी आपल्या वाट्याला येत नाही. औलीहून गोरसों बुग्यालला, म्हणजे वरच्या कुरणाला, जा, जायचं चढतच आणि यायचं उतरतच. चढताना स्की थोडी जड किंवा मंद असली तर काय होतं? उशीर होतो. उतरताना स्की वळली नाही तर गुडघा जातो. उशिरा शिकणाऱ्याला वळणं हीच सगळ्यात कठीण गोष्ट असते, आणि तिथे त्याला वस्तूची मदत हवी. पायाखाली ८० ते ९० मिलिमीटर, एकेरी बाक, पुढचं टोक थोडं वर उचललेलं म्हणजे भुसभुशीत बर्फात बुडत नाही, वजन एका स्कीला सव्वा ते दीड किलो. लांबी हनुवटी आणि कपाळ यांच्या मधली. माझी उंची १५७ सेंटिमीटर, स्की १५३ ची, पायाखाली ८४. कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये ती खालच्या बर्थखाली सरळ बसते, हाही एक विचार आहे. मैत्रिणीच्या १९० च्या जोडीची टोकं रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत येतात.

रुंदीच्या बाबतीत आपण कधी जातो हेही बघायला हवं. आम्ही सोलापूरकर सिद्धरामेश्वरांची यात्रा सोडून जानेवारीत कुठे जात नाही. नंदीध्वज निघाले, गड्ड्याची जत्रा झाली, की मग पिशव्या भरायच्या. काश्मीरचा चिल्लई कलां २१ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीच्या अखेरीस संपतो, म्हणजे आपण पोचतो तेव्हा कडाक्याचे चाळीस दिवस सरलेले असतात. औलीला फेब्रुवारीत सकाळी बर्फ पाटासारखा कडक आणि दुपारी ओला होतो. अशा मिश्र बर्फावर ८५ च्या आसपासची रुंदी सगळं निभावून नेते. भाच्याची १०२ ची स्की वाईट नाही. गुलमर्गला रोपवेने अफरवटच्या साधारण ३,९५० मीटरवर जाऊन ताज्या, खोल, कोरड्या बर्फात उतरणाऱ्यांसाठी ती आहे. पण तो अजून नांगराच्या फाळासारखी स्की धरून उतरतो. कडक बर्फावर रुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यायला जोर लागतो, आणि नवशिक्याचे गुडघे दुपारपर्यंत संपतात.

वजनाचा हिशोब मी एकदा कागदावर केला होता. औलीहून गोरसोंपर्यंतची वाट साधारण तीन किलोमीटर. स्किन लावून एक पाऊल सत्तर सेंटिमीटरचं धरलं तर सुमारे ४,३०० पावलं, म्हणजे एका पायाला २,१५०. निव्वळ उताराच्या सामानात, म्हणजे जड स्की, जड बाइंडिंग आणि जड बूट यांत, एका पायाला टूरिंगच्या सामानापेक्षा सहज दोन किलो जास्त असतात. एकेका पायाने सकाळभरात चार टनांहून जास्त फुकट ओढायचं. हे कळल्यावर मी कुणालाही ‘फक्त बाइंडिंग बदलून घेऊ, स्की भारीतली जड चालेल’ असं सांगत नाही.

आता बुटाबद्दल, कारण इथे मी स्वतः भोगलं आहे. २०१६ साली मी मैदानी भागातल्या एका दुकानातून वापरलेली जोडी घेतली. बूट टूरिंगचे होते, तळ रबराचा, चालायला सोपं जावं म्हणून पुढे वर वळलेला. बाइंडिंग साधं उताराचं होतं, ज्याच्या पुढच्या जबड्याची उंची बदलता येत नाही. विक्रेत्याने बूट जोराने दाबला, खटका बसला, आणि “बसला की,” म्हणाला. मीही मानलं. सोलंगला चौथ्या दिवशी अगदी हळू वेगात तोल गेला. स्की बर्फात अडकली, पाय वळला, आणि बाइंडिंगने बूट सोडलाच नाही. रबराचा तळ जबड्यात दबून बसला होता, तो घसरणार कसा? गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट दुखावला. सहा आठवडे पट्टा. त्यानंतर कितीतरी दिवस कारखान्याचा जिना एक एक पायरी थांबत. उताराच्या बुटाचा तळ आणि टूरिंगच्या बुटाचा तळ यांची आंतरराष्ट्रीय मापं वेगवेगळी आहेत, आयएसओ ५३५५ आणि आयएसओ ९५२३. बाइंडिंगवर कुठलं माप चालतं हे लिहिलेलं असतं. ते वाचायला दोन मिनिटं लागतात. मला ती दोन मिनिटं कुणी सांगितली नव्हती, म्हणून इथे सांगते आहे.

टूरिंगसाठी आज सगळ्यात हलकं बाइंडिंग पिनचं असतं. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धातूची खोबण, तिच्यात दोन पिना चिमट्यासारख्या बसतात. टाचेच्या मागे आणखी दोन. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८० च्या दशकात हे शोधलं. ज्या बुटाला ही खोबण नाही तो या बाइंडिंगला निरुपयोगी, कितीही महागाचा असो. चढताना पुढची पट्टी वर ओढून पिना कुलूपबंद करतात, म्हणजे आडव्या चढावर स्की निघून जात नाही. उतरण्याआधी ती पट्टी खाली करायलाच हवी, नाहीतर पडल्यावर स्की सुटत नाही. मी दर वेळी वर पोचल्यावर ती पट्टी हाताने चाचपते आणि शेजारच्याची पण चाचपते. कुणाला राग आला तर येऊ दे.

बाइंडिंगने किती जोरावर बूट सोडायचा, त्याचा आकडा वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून ठरतो. ही लांबी मिलिमीटरमध्ये बुटाच्या टाचेजवळच्या कडेला कोरलेली असते. बुटाचा नंबर वेगळा आणि ही लांबी वेगळी. आकडा जाणकाराकडूनच लावून घ्यावा. ‘घट्ट असलेलं बरं’ हा आपल्याकडचा समज इथे उलटा पडतो.

टूरिंगची स्की माणसाला रोपवेच्या आणि आखलेल्या उताराच्या पलीकडे नेते, आणि तिथे बर्फ कडा सोडून खाली येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. म्हणून स्कीच्या किमतीत बर्फाखाली गाडल्या गेलेल्याचा ठाव लावणारा, ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर, शोधायची लांब काठी आणि फावडं यांची किंमत आधीच धरावी. एवढे पैसे जमत नसतील तर स्की घेऊ नये, आखलेल्या उतारावर भाड्याच्या सामानावर शिकावं. स्थानिक वाटाड्याशिवाय बाहेर पाय टाकू नये, आणि या बाबतीत मी कुणाच्याही हट्टाला मान देणार नाही.

एक गोष्ट फक्त सोलापूरसाठी. २०१८ च्या मे महिन्यात मी स्किन माळ्यावर ठेवल्या होत्या, वर पत्रा. आपल्याकडे पारा ४४ च्या पुढे जातो, पत्र्याखाली तर विचारायलाच नको. जूनमध्ये काढल्या तेव्हा डिंक कापडातून वितळून स्कीच्या पिशवीला, पिशवी माळ्याच्या फळीला, अशी एकेक गोष्ट दुसरीला चिकटली होती. नवा डिंक लावायला पुण्याच्या एका मित्राने मदत केली. तेव्हापासून स्किन तिच्या जाळीवर चिकटवून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, मी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. स्कीच्या कडा कोरड्या पुसते, तळाला मेणाचा जाड थर देते आणि तो न खरवडता तसाच ठेवते, म्हणजे तळ कोरडा पडत नाही. जोडी पलंगाखाली, माळ्यावर नाही. बुटांच्या कड्या सैल लावून, आत वर्तमानपत्राचे बोळे. आपलंच वर्तमानपत्र असतं.

आता माझी सूचना. आपल्या गावात भिशी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सहा जणांनी दर महिन्याला ठराविक रक्कम जमवली, तर वर्षाअखेर टूरिंगच्या दोन चांगल्या जोड्या उभ्या राहतात: ८५ च्या आसपास रुंदीच्या, एक १५५ ची, एक १७० ची, आणि त्यांवर टाच मागे-पुढे सरकवता येणारं पिनचं बाइंडिंग. बूट मात्र प्रत्येकाचे स्वतःचे. बूट दुसऱ्याचा घालून चालत नाही. घोटा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि स्कीइंगचं निम्मं दुःख बुटात असतं. म्हणजे पहिला खर्च बुटाचा, तोही दोन हिवाळे भाड्यावर काढल्यानंतर. स्की सामाईक आणि बूट स्वतंत्र. दर वेळी दुसऱ्याचा बूट लावताना बाइंडिंग त्याच्या तळव्याच्या लांबीवर सरकवायचं आणि सुटण्याचा आकडा जाणकाराकडून पुन्हा लावून घ्यायचा. त्यासाठी एक वही ठेवायची, तिच्यात प्रत्येकाचं वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी. आमच्या मंडळात अशी भिशी येत्या महिन्यापासून सुरू होते आहे. आणखी कुठल्या मंडळाने सुरू केली तर जोड्या एकमेकांना देता-घेता येतील.

२०२६ च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्की माउंटनियरिंग पहिल्यांदाच खेळवलं गेलं. स्किन लावून चढायचं, ती सोलायची, टाच बांधायची, उतरायचं, हे सगळं मुलांनी फोनवर पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत ते बसलं आहे. ती जातीलच, आणि त्यांनी जावंच. त्यांना थांबवायचं नाही, म्हणून आपणाला एक विनंती आहे. पुरवणीत पुढे कधी स्कीइंगवर मजकूर आला, तर स्कीच्या चित्राशेजारी बुटाच्या तळाचं आणि बाइंडिंगचं चित्रही छापा, आणि हे तीन सामान एकमेकांना जुळतात का हे तपासायला सांगा.

भाच्याची खरेदी रद्द झाली आहे. तो या वर्षी औलीला भाड्याचं सामान घेईल आणि शेवटचे दोन दिवस माझ्या जोडीवर चढून बघेल. तो चढताना मी पायी मागून येणार आहे.

जाणाऱ्यांपैकी कुणाला बाकाची कागदाच्या पट्टीची चाचणी, स्किनची लव आणि पिनचं बाइंडिंग प्रत्यक्ष हातात घेऊन पाहायचं असेल, तर गड्ड्याच्या आधीच्या दोन्ही रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरी आहे. मैत्रीण तिची १९० ची जोडी घेऊन येईल. माझा पत्ता आपल्या कार्यालयात ठेवला आहे, विचारणाऱ्याला जरूर द्यावा. ज्यांनी आधीच बूट घेतलेत त्यांनी ते सोबत आणावेत. आणि मोजे जाड नकोत, पातळच आणावेत.

आपली,
एक नियमित वाचक
अक्कलकोट रस्ता, सोलापूर